मागच्या सीटवरची तक्रार

घरातल्या माणसाचं दुखणं या कानानं ऐकायचं आणि त्या कानानं सोडून द्यायचं, ही खोड आपल्यापैकी किती जणांना आहे, हे ज्याचं त्यानं मनाला विचारावं. पोस्टातले हे कारकून त्यातलेच. माणूस तसा लाख चांगला, पण बायको काही म्हणाली की "तुझं नेहमीचंच" म्हणून मोकळा.

सुट्टीत कारकून, बायको आणि लहान मुलगी असे तिघं गाडीनं मेहुणीकडे निघाले होते. मागे आईच्या मांडीवर मुलगी झोपलेली. वाटेत गतिरोधकावर गाडी खालून आपटली आणि सायलेन्सर कानठळ्या बसतील असा आवाज करू लागला. कारकुनांनी लगेच उतरून लोंबणारा पाइप तारेनं बांधला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. आवाज तरीही थांबेना, म्हणून त्यांनी सगळ्या काचा वर केल्या.

थोड्या वेळानं बायको म्हणाली, डोकं जड झालंय, मळमळतंय, जरा काच खाली करा. हे म्हणाले, प्रवासात तुझं नेहमीचंच, तासाभरात पोचूच. खरं तर त्यांचंही डोकं ठणकत होतं, पण ते त्यांनी उन्हावर ढकललं. बायको गप्प बसली. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं ती शिकली होती.

मग मागून वेगळाच आवाज आला. "अहो, ही उठत नाहीये!"

गाडी कशी थांबली, दार कुणी उघडलं, कारकुनांना काही आठवत नाही. लेकीला मोकळ्या हवेत आडवं करून ते तिचे गाल थोपटत राहिले. रस्त्यालगतच्या गॅरेजातले मेकॅनिक काका धावत आले आणि त्यांनी तिघांना आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं. प्राणवायू लावल्यावर मुलीनं डोळे उघडून आईला हाक मारली, तेव्हा कुठे बापाच्या जिवात जीव आला.

दुपारी काका गाडी तपासून परत दवाखान्यात आले.

"साहेब, तुम्ही बांधलात तो मागचा पाइप. फुटलाय पुढे, इंजिनाजवळ. धूर आत येत होता. त्यातलं विष ना दिसतं, ना त्याला वास. ते फक्त माणसाच्या डोक्याला कळतं. वहिनी काही म्हणाल्या नाहीत का?"

"म्हणाली होती," कारकून खाली बघत म्हणाले.

काका त्यांच्या शेजारी टेकले. "माझंही तसंच होतं हो. गाडी कुरकुरली की आपण लगेच उतरून वाकून बघतो. माणूस कुरकुरला की म्हणतो, नेहमीचंच."

कारकून आत गेले. बायकोचा हात हातात घेताना त्यांना रडू आवरेना. म्हणाले, "चुकलो मी. तुला काय काय होतं, ते आज सगळं सांग."

"सगळं?" ती थकलेलं हसली. "बसा मग."

ते बसले. तिनं गुडघ्यापासून सुरुवात केली आणि त्यांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही.

मंडळी, आपल्या माणसाची तक्रार ही कटकट नसते. ती वेळेवर ऐकली, तर घर वाचतं.