आईंच्या ओठांचा इलाज

साखर आणि मध कालवलेली वाटी सुनेने खिडकीच्या कठड्यावर ठेवली, लहान मुलांचा मऊ ब्रश त्यात बुडवला आणि सासूची हनुवटी दोन बोटांनी वर उचलली.

"ओठ सैल सोडा, आई. हसू नका."

"मी कुठे हसतेय? माझं तोंडच आता तसं झालंय."

ते खरं होतं. वरचे दात काढून कवळी बसवल्यापासून आईंचा वरचा ओठ आत वळला होता; चिकटवून टाकलेल्या पाकिटासारखी तिथे नुसती एक रेघ उरली होती. खालचा ओठ कोरडा, सालपटं निघालेला, आणि दोन्ही कोपऱ्यांना चिरा. सून हलक्या हाताने ब्रश गोल फिरवत राहिली. बाजारातल्या ब्यूटी पार्लरमध्ये सहा वर्षं ती हेच काम करत होती, पण तिथल्या खुर्चीत बसणाऱ्या मुली विशी-पंचविशीच्या असत. त्रेसष्टाव्या वर्षी ओठ भरदार करून मागणारी बाई तिने पाहिली नव्हती, आणि पाहिली ती घरातच.

मागणी आली होती रविवारी, वाळलेले कपडे आवरताना. पार्लरमध्ये ओठ फुगवतात म्हणे, ते घरच्या घरी जमतं का, असं आईंनी चादरीचं एक टोक हातात धरून विचारलं होतं. सुई वगैरे नको, साधंच काहीतरी. सुनेच्या नवऱ्याने ते ऐकलं आणि म्हणाला, आता लालभडक लिपस्टिकही आणून दे, म्हणजे बाबांची काही धडगत नाही. आईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने आपली कपबशी उचलली आणि उरलेला चहा बाहेर जाऊन प्यायला.

कारण त्यांनी सांगितलं ते आज, ब्रश थांबल्यावर.

बाबांनी अडतीस वर्षं छापखान्यात मशीन चालवलं होतं आणि त्या मशीनने जाता जाता त्यांचे कान स्वतःकडे ठेवून घेतले होते. श्रवणयंत्र आणून झालं. त्यातून आवाज येई, शब्द येत नसत. कानात घातलं की भांड्यांच्या दुकानात राहायला गेल्यासारखं वाटतं, म्हणून बाबांनी ते कपाटात टाकलं. तसं त्यांचं काही अडत नव्हतं. छापखान्यातली माणसं एकमेकांचे ओठ वाचूनच बोलत आली होती. आईही तिथल्याच, घडीखात्यातल्या. छापून आलेले कागद दुमडणाऱ्या बायकांच्या रांगेत तिसऱ्या. लग्न जमलं तेही तसंच, मशीनच्या धडधडाटात, वीस फुटांवरून, आवाज न करता. एकमेकांचा आवाज त्यांनी ऐकला तो नंतर, आणि आईंच्या मते फसगत झाली ती तिथेच.

"आता त्यांना माझं काही कळत नाही," आई म्हणाल्या. "दात गेले, ओठ गेले. वाचायला तोंडावर उरलंय काय?"

"पण बाबा तर तुमच्या प्रत्येक शब्दाला हो म्हणतात."

"तेच तर, पोरी."

आईंनी खिडकीबाहेर पाहिलं. बाबा खाली जिन्याशी बसून सायकलच्या साखळीला तेल देत होते.

"बेचाळीस वर्षांत हा माणूस माझ्या एका गोष्टीला बरं म्हणाला नव्हता. मी उजवं म्हटलं की ते डावं. आता काहीही बोला, मान डोलावतात. पाहुण्याशी वागावं तसे गोड वागतात गं माझ्याशी. परवा मुद्दाम म्हटलं, हे घर विकून टाकू या का? तर म्हणाले, हो हो, चालेल."

सुनेला हसू फुटलं आणि अर्ध्यावरच विझलं. आई हसत नव्हत्या. ओठांवरची साखर विरघळून हनुवटीवर ओघळली होती, ती पुसायचंही त्यांना सुचलं नव्हतं. देवाने बाबांचे कान नेले तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. त्यांचं भांडण मात्र कोणीतरी परत आणून द्यायला हवं होतं.

मग त्या बाईंनी जो नेम धरला, तो सुनेने पार्लरच्या इतक्या वर्षांत कोणाचा पाहिला नव्हता. सकाळी उठल्या की देवापुढे हात जोडायचे आणि तिथून थेट आरशापुढे. एक दिवसाआड साखर-मध, एरवी कोमट पाण्यात पिळलेलं मऊ फडकं, त्यावर मेण आणि बदामाचं तेल वितळवून केलेला लेप. दिवसाला आठ भांडी पाणी. एक भांडं झालं की कठड्यावर एक शेंगदाणा, आणि आठवा ठेवला की आठही खाऊन टाकायचे. ओठांवरून जीभ फिरवायची सवय जन्माची होती, ती त्यांनी तीन दिवसांत सोडली. ओठ मऊ पडले, सालपटं गेली, फिकट गुलाबी रंगही आला. पार्लरमधल्या मैत्रिणींना सुनेने हे अभिमानाने सांगितलं. ह्या वयात, म्हणाली, आणि एका दिवसाचा खाडा नाही.

एका गोष्टीचं तिला कोडं पडलं. रात्रभरात मिटलेल्या कोपऱ्यांच्या चिरा संध्याकाळपर्यंत पुन्हा उघडलेल्या असत. लेप बदलून पाहिला, तरी तेच.

आणि बाबांचं हो हो जिथल्या तिथे होतं. आई त्यांच्यासमोर उभ्या राहत, तोंड आ वासून एकेक अक्षर सुटं करत. जे. वा. य. ला. च. ला. आधी आरशात सराव करून येत. बाबा डोळे बारीक करून सगळं बघत, आणि शेवटी मान डोलावत.

शनिवारी सुनेने दालचिनी तेलात भिजवली. ह्याने ओठ थोडे चुरचुरतात आणि तासाभरापुरते भरतात, हे तिने समजावून सांगितलं. आईंच्या मनगटाला लावून बघितलं, मग एक बोट ओठांवर फिरवून दोन मिनिटांत पुसून घेतलं. फरक पडला, पण नखाएवढा. सून आंघोळीला गेली. आईंनी वाटी उचलली आणि बोटभर तेल ओठांवर थापून स्वयंपाकाला लागल्या.

सून बाहेर आली तेव्हा आईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ गांधील चावल्यासारखे टम्म झाले होते. तिने तेल पुसलं, थंड पाण्याच्या घड्या ठेवल्या, आणि हात चालू असताना तोंडही चालू ठेवलं: औषध जास्त लावलं म्हणून लवकर बरं होतं का कधी, तुम्हाला काय लहान मुलासारखं राखत बसायचं का. आईंनी सगळं ऐकून घेतलं. उलट बोलायला तोंड उघडत नव्हतं.

जेवायला बसल्यावर बाबांनी त्या तोंडाकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं, आणि शहाण्या माणसासारखं ताटाकडे पाहिलं. आईंनी एक घास कसाबसा आत सरकवला. ओठ जेमतेम हलवत, कोणाला म्हणून नव्हे, आपल्याशीच म्हणाव्यात तशा म्हणाल्या,

"मीठ कमी पडलंय आज."

"कमी नाही पडलं," बाबा म्हणाले. "तुझी चव गेलीये. वर्षभर खारट करतेस आणि मी मुकाट्याने गिळतोय."

आईंचा हात भांड्यावरच राहिला. सून ओलं फडकं घेऊन दारात उभी होती, ती तिथेच थांबली.

"मुकाट्याने," आई हळूच म्हणाल्या. "तुम्ही."

"मग काय तर."

"आणि घर विकायला हो म्हणालात, ते?"

"कोणतं घर?"

त्यानंतर दोघांचं जे सुरू झालं ते ताटं वाळेपर्यंत चाललं. मिठावरून गाडी घरावर गेली, घरावरून मुलाच्या बारशाला कोणाला बोलवायचं राहिलं होतं तिथवर मागे गेली. बाबांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू जात होता, आईंचा दारापर्यंतही येत नव्हता. त्यांचे डोळे अजून वाहत होते. दालचिनीचा जोर केव्हाच ओसरला होता.

दुपारी सून वाट्या विसळत असताना बाबा मागे येऊन उभे राहिले.

"काय लावलंस तिला?"

तिने वळून तोंड मोठं उघडलं आणि दा, असं म्हणाली. बाबांनी हात वर केला.

"जबडा नको वासू. नेहमीसारखं बोल."

"दालचिनी," ती नेहमीसारखं म्हणाली.

"असं होय." ते नळाशी येऊन टेकले. "आज ती घडीखात्यात बोलायची तशी बोलली. दात काढल्यापासून मला नुसती गुहा दिसायची. शब्दच कुठे दिसेना." मग आवाज खाली आणायचा प्रयत्न करत, जो त्यांना कधीच जमत नसे, "इतक्या कष्टाने बोलायची बिचारी. कळलं नाही असं कुठल्या तोंडाने सांगणार?"

सुनेच्या हातातली वाटी भरून वाहू लागली. संध्याकाळी पुन्हा उघडणाऱ्या चिरा तिला आत्ता समजल्या.

दुसऱ्या दिवशी सूज उतरली होती. आई सकाळीच खिडकीशी येऊन बसल्या, हनुवटी वर, डोळे मिटलेले.

"दालचिनीच लाव. आग झाली तर होऊ दे. गुण आलाय तो त्याचाच."

सुनेने डबी उघडली. आत मेण आणि बदामाचं तेल होतं, दुसरं काही नव्हतं. तिने ते पातळसं लावलं, कोपऱ्यांना जरा जास्त.

"झोंबत कसं नाही?"

"हे नवीन आहे. ह्याला पथ्य आहे फक्त." तिने डोळे डबीकडेच ठेवले. "हे लावल्यावर तोंड ताणायचं नाही. लहान लहान बोलायचं, पुटपुटल्यासारखं. ताणलंत की सगळं वाया."

"किती वेळ?"

"रोज लावायचंय ना? मग रोजच."

आईंनी विचार केला. मग नेम घेताना करत तशी मान एकदाच हलवली, पदर सावरला आणि बाबांना काहीतरी विचारायला पलीकडच्या खोलीत गेल्या. त्यांचा आवाज काही आला नाही. सून कान देऊन उभी राहिली.

"अजिबात नाही," भिंतीपलीकडून बाबा म्हणाले. "मला मुळीच पटत नाही."

तिने डबीचं झाकण लावलं.