परत घ्या ती प्रार्थना

आधीच सांगतो, मी काय गरीब गाय न्हाई. धायरीतली आमची जमीन बिल्डरला गेली, त्यातनं मी इंडिका घेतली आणि हिंजवडीच्या एका कंपनीत लावली. सकाळी लोकांना घरनं उचलायचं, कंपनीत सोडायचं. गाडी माझी, तर गाडीत माझंच चालणार. पण त्या पद्मजा शिरसाट बाईनं डोकं फिरवलं.

बाई वडगावातनं बसायची, सगळ्यात पहिली. मूळची नगरकडची, ख्रिश्चन. बसली की सुरू. सिग्नलला थांबलो तरी येशू, पाऊस लांबला तरी येशू. "दादा, टेन्शनमध्ये दिसताय. प्रभूवर सोडून बघा एकदा."

"मॅडम, आमचा भैरोबा अजून रिटायर झाला न्हाई," मी म्हणायचो. ती हसायची. काय बोलणार अशा बाईला?

टेन्शन तर होतंच. बायको सातव्या महिन्यात. आधीची दोन पोरं पोटातच गेली होती. डॉक्टरनं तिला खाटेवरनं हलायची बंदी केलेली, आणि मी भैरोबाला बोललेलो, पोर हातात येईपर्यंत पायात चप्पल घालणार न्हाई. अशात दुसऱ्या देवाचं नाव कानावर पडलं तरी मी मनात भैरोबाची माफी मागायचो. आपला देव रुसला तर कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

बाईला यातलं एक अक्षर मी सांगितलं न्हवतं. आणि एका सोमवारी ती म्हणाली, "मी रोज पूर्णिमासाठी प्रार्थना करते, दादा. बाळ सुखरूप येईल."

मी गाडी बायपासच्या कडेला घेतली. "माझ्या बायकोचं नाव कुणी सांगितलं तुम्हाला?"

ती गडबडली. "मी शब्द दिलाय. नाही सांगता येणार."

"परत घ्या ती प्रार्थना."

"अहो, परत कशी घेणार?"

"जशी केली तशी. आत्ता, माझ्यासमोर. सांगा तुमच्या देवाला, त्या घरात लक्ष घालू नको म्हणून."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान नाही म्हणूनच हलली. "ते माझ्यानं होणार नाही. रागवा हवं तर."

रागावलोच. गाड्यांचं काम बघणाऱ्या संपतला गाठलं. म्हणालो, बाई गाडीत धर्म बदलायला लावती, आमच्या घरातली माहिती काढती. निम्मं खोटं होतं, मला माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून बाई दुसऱ्या गाडीत. कंपनीनं तिला लेखी समज दिली, माझा नंबरसुद्धा पुसायला लावला. लई बरं वाटलं मला.

आठवडाभरात पूर्णिमानं जेवण टाकलं. बीपी वाढलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर बाळाला धोका हाय. आई म्हणाली, दृष्ट लागली. "दृष्ट लावणारीला मी हाकललंय," मी म्हणालो, आणि पूर्णिमाला सगळं फुशारकीनं सांगितलं.

ती माझ्याकडं वळली. "तुम्ही अंघोळीला असताना त्यांचा फोन यायचा, गाडी निघाली का विचारायला. घरात मोबाइल एकच, मीच उचलायची."

"आणि येशूचं सांगायची?"

"सांगायच्या की. मी म्हणायची, नका सांगू. त्या म्हणायच्या, बरं, मग काय जेवलात ते सांगा. या घरात सगळे पोटाला विचारतात हो. पोर हललं का, पोर हललं का. मला झोप लागली का, हे त्या एकट्याच विचारायच्या. नाव मीच सांगितलं. प्रार्थना करा असंही मीच म्हटलं. तुम्हाला कळू देऊ नका म्हणून शब्दही मीच घेतला." मग तिनं भिंतीकडं तोंड केलं. "आता सकाळी कुणाचा फोन येणार?"

आयला, असा राग आला, आणि काढायचा कुणावर तेच कळेना. दारातनं आई म्हणाली, "खबरदार त्या बाईचं नाव या घरात काढलंस तर!"

मी आईच्या देखतच बाईचा नंबर लावला.

"कोण बोलतंय?"

"ऋषी. इंडिकावाला."

पलीकडनं घाबरत आवाज आला, "दादा, मी काही नाही केलं हो. त्या दिवसापासून कुणाशी एक शब्द बोलले नाही."

"आता बोला," मी म्हणालो, आणि फोन पूर्णिमाच्या हातात दिला.