इकडे बघा

दुकानाच्या मागच्या खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल, एक दिवा, एक उभा आरसा आणि भिंतीवर सहा ओळींत बहात्तर फ्रेमा होत्या. माणसं दोन: मी आणि समोरचं गिऱ्हाईक. फ्रेमा मी पहिल्याच दिवशी मोजल्या, कारण हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं आणि मोजताना ते पाठीमागे बांधता येतात.

हात थरथरत होते. भौतिकशास्त्रात पदवी घेताना भिंगांची गणितं मी झोपेतही सोडवली असती, पण अनोळखी माणसाच्या नाकावर मोजपट्टी टेकवणं कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हतं. चष्म्याच्या दुकानात तेच माझं काम होतं. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं, म्हणजे भिंगाचा मध्य बरोबर बाहुलीसमोर बसवता येतो. चुकलं तर गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, चष्मा परत येतो आणि नव्या भिंगांचा भुर्दंड मालकांना पडतो.

शिकवायला काउंटरवरच्या ताई होत्या.

"हे बघ प्रयोगशाळे," त्या म्हणाल्या. हे नाव त्यांनी मला पहिल्या अर्ध्या तासात ठेवलं होतं. "समोर बसायचं, हातभर अंतरावर. आपला एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, 'माझ्या या डोळ्यात बघा.' 'इकडे बघा' म्हणायचं नाही."

"का?"

"इकडे म्हणजे नक्की कुठे? कोणी आरशात बघतं, कोणी दाराकडे. डोळा म्हटलं की डोळा."

"एकदा इथे बसून दाखवा ना."

"मी बाहेर उभ्यानेच घेते माप. ती खुर्ची मला मानवली नाही," त्या म्हणाल्या आणि बाहेर जाऊन आधीच पुसलेली काच पुन्हा पुसू लागल्या.

बाहेर मालकांचं एक यंत्र होतं. त्यावर माणूस दूर बघत असतानाचं अंतर येई. वाचायच्या चष्म्यासाठी जवळचं माप लागतं, ते पट्टीवर घ्यायचं. जवळ बघताना बाहुल्या एकमेकींकडे सरकतात. वस्तू जितकी जवळ, तितकं माप कमी. गिऱ्हाईक माझ्या डोळ्यात बघत असेल, तर पट्टीचं माप यंत्राच्या आकड्यापेक्षा चार मिलिमीटरनी कमी यायला हवं.

माझं अडीचनेच कमी येत होतं. सगळ्यांचं. एका बस ड्रायव्हरचा वाचायचा चष्मा परत आला तेव्हा मालकांनी मला बोलावलं. ते चिडत नसत, याचीच जास्त भीती वाटे.

"हात कापतो तुझा," ते म्हणाले. "हुशार आहेस, पण हुशारीला पट्टी धरता येत नाही. महिनाअखेरीला मी उभा राहीन, तू एक माप घे. यंत्राशी जुळलं तर कायम. नाही जुळलं तर वाईट वाटून घेऊ नकोस."

कायम झालं की घरातल्या एका माणसाचा चष्मा दुकानातर्फे मिळत असे. आई कपडे शिवायची. अलीकडे सुईत दोरा ओवायला ती मला हाक मारू लागली होती आणि हाक मारल्याचा तिलाच राग येई.

घरी मी तिच्यावरच सराव सुरू केला.

"एवढी शिकलीस ती आईचं नाक मोजायला?"

"नाक नाही, डोळे. हलू नकोस."

"लग्नाच्या वेळीसुद्धा कोणी एवढं निरखून बघितलं नव्हतं मला."

माझ्या डोळ्यात बघताना आईचं माप आलं छप्पन्न. माझ्या मागे दीड मीटरवर असलेल्या कपाटाकडे बघायला सांगितलं, तेव्हा साडेसत्तावन्न. तिच्या नाकासमोर पंधरा सेंटिमीटरवर पेन्सिल धरली, तर चोपन्न. तिन्ही आकडे आईलाही पाठ झाले. हात घरीही थरथरत होता. पण थरथरीनं माप कधी थोडं जास्त येई, कधी थोडं कमी, आणि पाच-सहा वेळा घेतलं की सरासरी जागेवर बसे. दुकानात ते दर वेळी एकाच बाजूला चुकत होतं. तेवढ्याच फरकानं.

म्हणजे चूक हाताची नव्हती. गिऱ्हाइकं माझ्या डोळ्यात बघतच नव्हती. ती माझ्या मागच्या भिंतीपाशी काहीतरी बघत होती.

भिंतीपाशी आरसा होता. मला हसू आलं. आरसा समोर असल्यावर माणूस दुसरीकडे कशाला बघेल? दुसऱ्या दिवशी मी आरशाचं तोंड भिंतीकडे फिरवलं. पहिलं गिऱ्हाईक शाळेतल्या एक बाई होत्या, सरळ पाठीनं बसणाऱ्या.

माप अडीचनेच कमी आलं.

"बाई, तुम्ही आत्ता कुठे बघत होतात?"

"तुम्ही सांगितलंत तिथेच."

"माझ्या डोळ्यात?"

"ते तुम्ही आधी म्हणालात. नंतर 'इकडे बघा' म्हणालात ना." त्यांनी पर्स उचलली. "आवाज जरा मोठा ठेवत जा. पुटपुटल्यासारखं येतं."

त्या गेल्यावर मी भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. सहा ओळी, बहात्तर फ्रेमा, आरशाची पाठ. माझी खुर्ची तिथून दीड मीटरवर होती. ताईंना विचारलं, तर त्यांनी पावतीपुस्तकातून मान वर केली नाही. "मी तुला काय सांगितलं? इकडे म्हणायचं नाही."

"मी म्हणत नाही, ताई."

"मग बास. आपण म्हटलं नाही म्हणजे झालं."

पुढच्या आठवड्यात मापं तीननी कमी यायला लागली. मी गणित केलं: भिंत नाही, त्याहून अलीकडे. माझ्या खुर्चीच्या पाठीमागे हातभर.

मी खुर्ची बदलून पाहिली, दिवा बदलला, दार उघडं ठेवलं. आकडे बदलले नाहीत. नोकरी सोडावी असं मनात आलं आणि त्याच संध्याकाळी आईनं सुई माझ्यापुढे धरली. दुसऱ्या दिवशी मी वेळेवर दुकानात होते.

एका सकाळी एका सुताराचं माप बरोबर चारनी कमी आलं. त्यानंतरच्या मुलीचंही. त्यानंतरच्या आजोबांचंही. मालकांनी यंत्राशी ताडून पाहिलं आणि पहिल्यांदाच हसले. "जमायला लागलं की. भीती गेली."

"प्रयोगशाळा पास," ताई म्हणाल्या, पण खोलीत आल्या नाहीत.

भीती गेली नव्हती, थरथर मात्र खरंच थांबली होती. चारनी कमी म्हणजे नजर माझ्या चेहऱ्याच्या अंतरावर. माझ्या डोळ्यात, किंवा माझ्या चेहऱ्याशेजारी. पट्टी धरली की मानेची डावी बाजू गार पडायची, कोणी जवळच फ्रिजचं दार उघडल्यासारखी. पंखा बंद असताना कानामागचे केस हलायचे. मी मान वळवली नाही. मान वळवली की पट्टी हलते आणि माप पुन्हा घ्यावं लागतं.

महिनाअखेरीला परीक्षेचं माप द्यायला आईच आली, नवं पातळ नेसून, जणू परीक्षा तिचीच होती. मालकांनी तिला आधी यंत्रावर बसवलं. साठ. त्यांनी तो आकडा कागदावर लिहिला, मागच्या खोलीत येऊन कागद माझ्यासमोर ठेवला आणि दाराच्या चौकटीत उभे राहिले. त्यांच्या खांद्यावरून ताई बघत होत्या.

साठमधून चार गेले छप्पन्न. हे मालकांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आईलाही ठाऊक होतं.

मी आईसमोर बसले. मान गार पडली नाही. किती दिवसांनी ती नुसती मान होती. मी उजवा डोळा मिटला.

"आई, माझ्या या डोळ्यात बघ."

पट्टी तिच्या नाकावर टेकवायला हात पुढे केला आणि बोटांना गार लागलं. आधी बोटांना, मग मनगटाला. कोपराला नाही.

आईचे डोळे जरा आत वळले. सुईचं नेढं शोधताना वळतात तसे.

"बघतेय गं," ती म्हणाली. "किती वेळा सांगशील?"

"काय सांगितलं मी?"

"इकडे बघ, इकडे बघ."

"काकू, ती तर गप्पच आहे," मालक हसत म्हणाले. ताई दारातून मागे सरकल्या.

आई हसली नाही. तिची पापणी लवत नव्हती. माझा हातही हलत नव्हता. पहिल्या दिवसापासून मला हवा होता तसा तो स्थिर होता, टेबलाला स्क्रूनं बसवल्यासारखा. मी आकडा वाचला. पट्टी उचलली, पुन्हा टेकवली, पुन्हा वाचला.

"हं, किती?" मालकांनी विचारलं.

"छप्पन्न ना गं?" आई नजर न हलवता म्हणाली.

"चोपन्न," मी म्हणाले.