मैदानाबाहेरच्या मुली

सहादू गांगुर्डे कचेरीतून तडक शाळेत पोचला, तेव्हा विशाखा शिक्षकांच्या खोलीत बाकावर आडवी पडली होती. नववीतली ही त्याची एकुलती मुलगी प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली होती.

“चार दिवस झाले, डबाच खात नाही ती,” तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. “आरोग्य तपासणीच्या दिवशी व्यायामाच्या सरांनी तिचं वजन सगळ्यांसमोर वाचलं. अडुसष्ट किलो. तेव्हापासून पोरं तिला पोतं म्हणतात.”

सहादूचं डोकं फिरलं. १९८३ सालच्या त्या नाशिकरोडमध्ये मास्तरांना कुणी उलट बोलत नसे. तो मात्र थेट व्यायामशिक्षकांसमोर जाऊन उभा राहिला.

“माझ्या पोरीचं वजन ओरडून सांगायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?”

“खोटं सांगितलं का? घरी जरा कमी खायला घाला.”

“आणि खेळाच्या तासाला मुलं मैदानावर, मुली वर्गात भरतकाम करत! दोन वर्षं पोरगी पळालेली नाही. वजन वाढेल नाहीतर काय होईल?”

शिक्षकांनी कपाटातून फाईल काढली आणि दोन वर्षांपूर्वीची एक चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली. ‘मुलगी मोठी झाली आहे. तिला मैदानावर उतरवू नये.’ खाली सहादूचीच सही होती.

“पालकांच्या अशा चाळीस चिठ्ठ्या आहेत,” ते म्हणाले.

सहादू मुलीला घेऊन घरी आला. सगळं ऐकून त्याच्या बायकोचा, शकुबाईचा आवाज चढला.

“सही करताना मी अडवलं होतं तुम्हाला. लोक काय म्हणतील, म्हणालात. पोरीला जखडलं तुम्ही आणि हसले ते. मी कुणावर चिडू?”

“माझ्यावर,” सहादू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांसमोर त्यानं ती चिठ्ठी मागून घेतली आणि फाडली. “माझी चूक मी निस्तरली. आता शाळेनं आपली निस्तरावी. ज्याचं वजन त्यालाच सांगा.” बाईंनी ते मान्य केलं. मग तो इतर पालकांच्या घरी हिंडला. काहींनी दार लावून घेतलं. अकरा जणांनी चिठ्ठ्या परत घेतल्या.

“बारीक व्हायला नाही हं जाणार मी,” विशाखानं भाकरी मोडत बजावलं. “मला खो-खो आवडतो म्हणून जाणार.”

पालकहो, वयात आलेल्या मुलीला आपणच बसवून ठेवतो, मग तिच्या अंगाला हसतो आणि वर तिचंच ताट कमी करतो. तिला मैदान द्या. ते देता येत नसेल, तर तिच्या वजनाबद्दल तोंड उघडू नका.