न गळणारा डबा

मित्रांनो, मी पत्र्याचा डबा. अंगाला निळा रंग, गळ्याशी सुतळीचे चार वेढे, समोर दोन डोळे आणि त्याखाली एक वाकडं हसू, असा माझा आजचा थाट आहे. वय विचाराल तर नऊ वर्षं. पत्र्याच्या मानाने हे म्हातारपणच.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा कापला, गुंडाळला, शिवण जोडली, पोटावर तीन वळ्या पाडल्या आणि तळ बसवला. मग आम्हा सगळ्यांची परीक्षा झाली. आत हवा दाबून भरायची आणि ती कुठून सुटते का ते पाहायचं. माझ्या शेजारच्या डब्यातून सुईच्या टोकाएवढी हवा सुटली, तर त्याला तिथल्या तिथे भंगारात फेकलं. मी पास झालो. मी न गळणारा, याचा मला फार ताठा होता.

माझ्यात तान्ह्या बाळांच्या दुधाची पावडर भरली आणि मी ज्या घरात आलो, तिथे दिवस भरायच्या दीड महिना आधीच जन्मलेली एक मुलगी होती. एवढीशी. दोन्ही तळहातांत मावेल एवढी. तिची आई औषधांच्या दुकानात कामाला, त्यामुळे माप म्हणजे माप. चमचा भरला की सुरीच्या पाठीने सपाट करायची, तेव्हाच पाण्यात टाकायची. माझं झाकण ‘टप्’ वाजलं की रडणं थांबायचं. “आला गं बाई तुझा डबा, आला,” आई म्हणायची. दर सोमवारी मुलीचं वजन व्हायचं. आदल्या दिवशी आई उगाचच माझ्यात डोकावून बघायची; पावडर किती उतरली त्यावरून मुलगी किती चढली ते कळणार होतं जणू.

मुलगी वाढली. माझ्यानंतर बरेच डबे आले आणि गेले, पण पहिला म्हणून आईने मला ठेवून घेतलं. काही दिवस माझ्यात बटणं होती, मग खिळे, मग कुणालाच आठवेना अशा किल्ल्या. शेवटी मी ओट्याखालच्या कपाटात, फिनेलच्या बाटलीमागे जाऊन पडलो. तिथे किती वर्षं गेली ते मी मोजलं नाही. अंधारात मोजायचं तरी काय?

यंदा थंडी सरली आणि कपाट उघडलं. समोर तीच मुलगी होती. तिला आता घरात सगळे खारू म्हणतात, कारण दोऱ्याचे तुकडे, रंगीत कागद, तुटक्या पेन्सिली, जे सापडेल ते ती खारीसारखं साठवून ठेवते.

“आई, हा डबा कुणाचा?”

“तुझाच. यातलं दूध पिऊन एवढी झालीस.”

खारूने मला छातीशी धरलं. मला फिनेलचा वास येत होता, तरी धरलं. मग दोन दिवस जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ती मला रंगवत बसली. आई दुकानातून आल्यावर, भाजी शिजेपर्यंतच्या वेळात, सुतळीला डिंक लावून द्यायची. डोळे आधी एकाच बाजूला सरकले, ते पुसून पुन्हा काढले. हसू वाकडं झालं, पण ते पुसायचं नाही असं ठरलं.

त्याच आठवड्यात खालच्या आवारात खणाखणी सुरू झाली. गाड्या उभ्या करायला जागा हवी म्हणून माती काढून तिथे काँक्रीट घालणार होते. त्या मातीत एक गुलाब होता. फिकट रंगाचा, पाकळ्या थोड्या, पण फुलला की वास तिसऱ्या मजल्यावर आमच्या घरापर्यंत यायचा. तीस वर्षांपूर्वी इमारतीच्या माळ्याने तो लावला होता. माळीआजोबा आता काम सोडून तळमजल्याच्या मागच्या खोलीत एकटेच राहतात. त्यांनी रोपवाटिका पालथ्या घातल्या होत्या. असला गुलाब आता कुठे मिळत नाही. झाड उपटलं त्या सकाळी ते चाकू घेऊन आले आणि तीन फांद्या कापून घेतल्या.

दोन फांद्या त्यांनी आपल्या खिडकीत लावल्या. तिसरी खारूच्या हातात दिली.

“माझ्या खोलीत ऊन येत नाही. तुमच्या गॅलरीत सकाळचं कोवळं ऊन असतं. हा पाहुणा तुझ्याकडे. आणि डब्याला खाली तीन भोकं पाडायची. नाहीतर सगळं फुकट. काय?”

“तीन भोकं,” खारू म्हणाली.

आईने खिळा आणि हातोडी घेतली, मला उपडं केलं आणि खिळ्याचं टोक माझ्या तळावर ठेवलं. तेवढ्यात खारू माझ्यावर पालथीच पडली.

“नको! त्याला डोळे आहेत आता. त्याला कळेल!”

“अगं, पत्रा आहे तो, वेडाबाई.”

“माझा डबा आहे. माझ्या दुधाचा.”

आईची हातोडी तशीच राहिली. ती माझ्याकडे बघत होती. तिला बहुतेक ते सोमवार आठवत असावेत. मग ती म्हणाली, “बरं. तळाशी खडे घालू. जास्तीचं पाणी खड्यांत राहील.”

खोटं कशाला बोलू मित्रांनो? मला हायसं वाटलं. मी न गळणारा होतो आणि तसाच राहणार होतो. तेव्हा मला काय ठाऊक, की खड्यांत राहिलेलं पाणी जात कुठेच नाही!

फांदी लावून झाली. खालून आजोबांची हाक आली, “भोकं पाडलीत ना?”

आईने खारूकडे पाहिलं. खारू कठड्यावरून वाकून ओरडली, “हो-ओ!”

आई काहीतरी बोलणार होती. पण कुकरची शिट्टी झाली आणि ती आत गेली.

आता त्या घराची रीत ऐका. बाबा भल्या पहाटे बस चालवायला निघायचे, तेव्हा जाता जाता मला तांब्याभर पाणी. मायलेकी विसरतील, ही त्यांची काळजी. आई दुपारी घरी डोकावायची, तेव्हा पेलाभर. नवरा आणि लेक दोघंही विसराळू, ही तिची खात्री. आणि संध्याकाळी खारू, बाटलीच्या झाकणाला सुईने छिद्रं पाडून बनवलेल्या स्वतःच्या झारीने. प्रत्येकाला वाटे, आपण नसतो तर ते रोप केव्हाच वाळलं असतं. चमचा सुरीने सपाट करणारी आई, पण पाण्याचं माप तिनेही ठेवलं नाही.

पाचव्या दिवशी पाणी माझ्या खालून पहिल्या वळीला टेकलं.

आठव्या दिवशी फांदीला तीन कोवळी पानं फुटली आणि घरभर आनंदीआनंद झाला. खालून आजोबांनी विचारलं, “काय म्हणतोय पाहुणा?”

“मजेत! तीन पानं!”

“शाब्बास गं!”

मलाही कौतुक वाटलं. पण पाणी दुसऱ्या वळीकडे चाललं होतं, आणि फांदीचं खालचं टोक त्या वळीच्या जेमतेम दोन बोटं वर होतं. हे फक्त मलाच माहीत होतं. वरून माती नुसती ओलसर, काळीभोर, छान दिसायची.

बाराव्या दिवशी आजोबांची हाक जरा उशिरा आली. “माझ्याकडचे दोन्ही गेले गं, खारू. सुकले. आता काय तो तुझ्याकडचाच.”

खारू आत गेली आणि झारी भरून आणली. तिच्या काळजीला दुसरा रस्ताच माहीत नव्हता.

त्या रात्री पाणी फांदीच्या टोकाला लागलं. मी जीव खाऊन प्रयत्न केला. शिवणीला ताण दिला, तळ फुगवला. सुईच्या टोकाएवढं, फक्त तेवढं सुटावं. पण मी चांगला बनवलेला होतो. मित्रांनो, ज्या गुणाची आयुष्यभर मिरवणूक काढली, तोच आता माझ्या पोटातल्या जिवाच्या गळ्याशी आला होता, आणि माझा चेहरा बाहेर हसत होता.

मग पहिलं पान पिवळं पडलं. खारूला वाटलं, तहान लागली. तिने जास्त पाणी घातलं. दुसरं पान पिवळं पडलं, मग तिसरं.

“आई, ते आजारी आहे का?”

“नवीन जागा आहे ना, रुळेल,” आई चपला घालता घालता म्हणाली.

खालून हाक आलीच, “काय म्हणतोय पाहुणा?” खारूने कठड्याला घट्ट धरलं. “मजेत,” ती म्हणाली, पण या वेळी आवाज लहान होता. तिला आठवत होतं, ‘नाहीतर सगळं फुकट.’ आणि आपण ‘हो-ओ’ म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी तिने रंगाची पेटी उघडली, हिरवा आणि थोडा काळा मिसळला, आणि जीभ दाताखाली धरून तिन्ही पिवळी पानं रंगवली. खालून बघणाऱ्याला कळलं नसतं. पण पानं माना टाकू लागली, तेव्हा तिने गुलाबी कागदाच्या पट्ट्या कापल्या, पेन्सिलीवर गुंडाळून पाकळ्यांना बाक दिला, तारेला दोरा गुंडाळून देठ केला आणि ते फूल फांदीच्या शेंड्याला बांधलं. तिच्या हाताने आजवर इतकं सुंदर काही झालं नव्हतं. करताना ती रडत होती.

सकाळी आजोबा आवारात आले, वर पाहिलं आणि हाक मारलीच नाही.

मग मला जिन्यातून काठीचा आवाज आला. एक पायरी, थांबणं. एक पायरी, थांबणं. आजोबांचे गुडघे असे, की चार वर्षांत ते पहिला मजलाही चढले नव्हते. पहिल्या मजल्यावर खोकले. दुसऱ्यावर इतका वेळ थांबले, की मला वाटलं परत फिरले. खारू गॅलरीच्या दाराआड जाऊन उभी राहिली होती. तो आवाज तिलाही ऐकू येत होता.

सुट्टीचा दिवस होता. आईने दार उघडलं. “अहो काका! तुम्ही कशाला चढलात? हाक मारायची होतीत!”

“रोज मारतो की,” आजोबा धापा टाकत म्हणाले. “उत्तरही रोज मिळतं. पण वीस दिवसांच्या फांदीला फूल लागलेलं मी जन्मात पाहिलं नाही. म्हटलं, एवढा चमत्कार खालून काय बघायचा?”

ते माझ्यासमोर स्टुलावर बसले. फूल निरखलं. “सुरेख केलंय,” ते म्हणाले, आणि खरंच तसं म्हणाले. मग त्यांनी पान चिमटीत धरलं. बोटाला हिरवा रंग लागला. मग वाकून त्यांनी माझ्या पोटावर टिचकी मारली. रिकामा डबा खणकन वाजतो. मी ‘ठप्प’ असा वाजलो.

“भोकं?”

दाराआडून आवाज आला, “त्याला दुखलं असतं.”

“काका, चूक माझी आहे,” आई म्हणाली. “हातोडी माझ्याच हातात होती.”

आजोबा रागावले नाहीत. रागवायलाही वेळ नव्हता. त्यांनी बोटांनी माती सैल केली आणि फांदी वर काढली. खालचं टोक काळं पडलं होतं, कुजल्याचा वास सगळ्या गॅलरीत पसरला. त्यांनी खिशातून चाकू काढला आणि टोकाचा तुकडा कापला. आत काळं. आणखी कापला. काळंच. खारूने आईचा पदर तोंडात धरला होता. फांदी वीतभर होती, ती अर्ध्यावर आली. तिसऱ्यांदा चाकू फिरला, आणि सालीखाली बारीकशी हिरवी कड दिसली.

“चार बोटं उरली,” आजोबा म्हणाले. “बघू.”

मग त्यांनी माझ्यातलं सगळं ओतून टाकलं, मला उपडं केलं आणि हातोडी खारूपुढे धरली.

“तू मार.”

“दुखेल त्याला.”

“आता दुखत नाहीये असं वाटतं तुला?”

खारूने माझ्या डोळ्यांवर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने घाव घातला. खिळा आजोबांनी धरला होता. दुखलं मित्रांनो, नाही म्हणत नाही. पण पाठोपाठ तळातून वाऱ्याची झुळूक आत आली, आणि मला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. दुसरा घाव तिने जरा जोरात घातला. तिसऱ्याला डोळे उघडे ठेवले.

खापराचे तुकडे, वाळू, कोरडी माती आणि ती चार बोटं. बाबा कामावरून आले, सगळा पसारा बघून गोंधळले आणि म्हणाले, “आजोबा, पाणी आणू?”

“मला आण. त्याला नको,” आजोबा म्हणाले. बाबांनी त्यांना धरून खाली नेलं.

पुढचे दिवस फार जड गेले. फांदीवर ना पान, ना फूल, नुसती काडी. आजोबांची हाक यायची आणि खारू खरं उत्तर द्यायची. “आज काही नाही.” “आजही नाही.” खालून नुसतं “बरं” यायचं. दोघांचंही तोंड एवढंसं व्हायचं, पण कागदाचं फूल तिने पुन्हा बांधलं नाही.

एकोणिसाव्या सकाळी काडीच्या बगलेत खसखशीएवढा लालसर ठिपका होता. खारू नखभर अंतरावर नाक नेऊन बघत राहिली. ओरडली नाही. तिने मला उचललं, दोन्ही हातांनी पोटाशी धरलं, आणि एकेक पायरी जपून उतरत तळमजल्यावर नेलं. आजोबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग बोटाचं टोक त्या ठिपक्याजवळ नेलं, पण लावलं नाही.

“जिवंत आहे,” ते म्हणाले. एवढंच. मग बराच वेळ त्यांनी मला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

माझ्या भोकांच्या कडा आता गंजू लागल्या आहेत. अजून दोन-तीन वर्षं निघतील, तोवर गुलाब मोठ्या कुंडीत जाईल. मला त्याचं वाईट वाटत नाही. फक्त एक मागणं आहे. आमच्या घरात आता पाणी घालण्याचं काम एकट्या खारूकडेच आहे. ती आधी मला दोन्ही हातांत उचलते, डोळे मिटते आणि वजन घेते. जड लागलो, म्हणजे माती अजून ओली असली, तर भरलेली झारी तशीच बाजूला ठेवते. मित्रांनो, ज्याच्यावर तुमची फार माया आहे, त्याला काही देण्याआधी तुम्हीही एकदा असं उचलून बघा.