खंडूनानांनी घातलेलं क्यूबाचं गाऱ्हाणं

मांडवीच्या धक्क्यावर विषय बांगड्याचा निघो नाहीतर बोटीच्या डागडुजीचा, खंडूनाना शिवलकर तिसऱ्या वाक्याला क्यूबात पोचलेले असायचे. अठ्ठावन्न साली, तिथल्या क्रांतीच्या काही महिने आधी, त्यांची आगबोट साखर भरायला हवानाच्या बंदरात अठरा दिवस थांबली होती. नाना तिच्या भटारखान्यात कामाला. त्या अठरा दिवसांवर त्यांनी पुढची पंचवीस वर्षं काढली. तिथले रस्ते, चिरूटवाले, जुगाराचे अड्डे, ढोलावर नाचणाऱ्या बाया, सगळं असं रंगवून सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, आपणच कालच्या बोटीनं परत आलो.

खरी गोष्ट एवढीच, की नानांनी क्यूबाच्या जमिनीला पाय लावलाच नव्हता. हे त्यांच्याखेरीज वाडीत कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या बायकोला, गुणवंतीकाकूंनासुद्धा नाही.

नानांचा दुसरा मान मात्र खरा होता. शिमग्यात पालखी आली की नारळ हातात धरून सगळ्या वाडीच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालायचं, ते नानांनीच. बाप गेल्यापासून तो मान त्यांच्याकडे. नाना एकेक मागणं मांडणार आणि वाडी मागून "व्हय म्हाराजा!" म्हणणार. अट एकच, गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या तोंडी खोटं नको, नाहीतर वर्षभर जाळी रिकामी. वाचनालयाचा सेक्रेटरी काशीराम मयेकर याचा या मानावर डोळा होता. गेल्या वर्षी मासळी कमी पडली तेव्हा, "कुणाच्या तोंडात खोट हाय कोण जाणे," असं तो चारचौघांत पुटपुटलाही होता.

त्र्याऐंशीचा मार्च. दिल्लीला अलिप्त देशांची मोठी परिषद होऊन गेली, पेपरात क्यूबाचं नाव झळकलं आणि काशीरामानं व्याख्यान ठरवलं, 'क्रांतीपूर्वीचा क्यूबा'. वक्ते कोल्हापूरचे प्राध्यापक. वाचनालयाला जास्त अनुदानाचा वरचा वर्ग द्यायचा की नाही हे बघायला एक सरकारी साहेब त्याच दिवशी येणार होते. साहेब वेळेवर आले. प्राध्यापकांची एसटी आंबा घाटात बंद पडली.

काशीराम धावत नानांच्या अंगणात आला. "नाना, चला. आज तुमीच बोलायचं."

"मी? अरे, मी चौथीत शाळा सोडलेला माणूस."

"पण तिथं जाऊन आलेला जिल्ह्यात दुसरा हाय कोण?"

नानांनी मनात हिशेब मांडला. शिमगा आठ दिवसांवर. भर सभेत कुणी आडवातिडवा प्रश्न विचारला आणि बिंग फुटलं तर नारळ गेलाच. नाही म्हणावं तर काशीराम उद्या धक्क्यावर विचारणार, का नाही म्हणालात? इकडे आड तिकडे विहीर. काकूंनी तर ट्रंकेतला कोट काढून झटकायलासुद्धा घेतला होता.

सभागृह कसलं, वाचनालयाची पडवीच ती; पण माणसं दाटीवाटीनं बसलेली. नाना उभे राहिले. धक्क्यावर बोलताना हातात बिडी असते, समोर ओळखीची चार टाळकी असतात. इथं पाण्याचा तांब्या, हार आणि साहेब. माणसांपुढे उभं राहून बोलायची नानांना एकच तऱ्हा ठाऊक होती. हात आपोआप जुळले, डोळे अर्धे मिटले आणि गळ्यातून नेहमीचा सूर निघाला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या क्यूबा बेटाचं गाऱ्हाणं तुझ्या पायाशी घालतो!"

"व्हय म्हाराजा!" पडवी एका आवाजात म्हणाली. साहेब खुर्चीत दचकले.

"चारशे वर्सं तिथं स्पेनचा राजा खोत होऊन बसला. मूळची माणसं राबवून राबवून संपवलीन. मग आफ्रिकेतनं माणसं बांधून आणलीन नि त्यांच्याकडनं ऊस लावून घेतलान!"

"व्हय म्हाराजा!"

"शेवटी कुळं उठली. तीस वर्सं झुंजली. आता जिंकणार, तर शेजारचा अमेरिका मदतीला म्हणून आला. खोताला हाकललान नि सोताच ओटीवर बसला! म्हणाला, घर तुमचं, चावी माझ्या कनवटीला. परसाचा एक तुकडा भाड्यानं म्हणून घेतलान, तो अजून सोडलान नाय!"

"मुडदा बसवला त्याचा!" पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या सोनूबाई ओरडल्या. कुळांकडून धान्य उकळणारा खोत म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

"साखर तिथली, कारखाने भायेरच्यांचे. तोडणीचे चार म्हयने काम, बाकी सालभर हात चोळत बसायचं. तक्तावर एक सेनापती. लोकांनी निवडलेला नव्हे, फौज घेऊन घुसलेला. पावण्यांसाठी जुगार, नि तोंड उघडील त्याला तुरुंग!"

"व्हय म्हाराजा!" आता तर साहेबांचेही ओठ हलले.

साहेब भारावून उठले. "वा, नाना! पुस्तकात हे असं नाही मिळत. पण एक सांगा. तुम्ही तिथे उतरलात, रस्त्यानं चाललात, तेव्हा माणसांच्या चेहऱ्यांवर काय दिसलं?"

या प्रश्नाचं उत्तर नानांनी धक्क्यावर शंभरदा दिलं होतं. पण हात अजून जुळलेले होते आणि सूर अजून गळ्यात होता. या सुरात नाना जन्मात खोटं बोलले नव्हते. त्यांनी जोर करून पाहिला, पण खोटं काही बाहेर येईना.

"बा म्हाराजा, मी उतरलोच नाय!"

"व्हय म्हाराजा!" सवयीनं सगळे म्हणाले, आणि मग एकमेकांकडे बघू लागले.

"कप्तानाच्या प्यायच्या सुपात मी आपली माशाच्या कालवणातली तिरफळं घातली. चव येईल म्हणून. त्याची जीभ बधीर झाली, त्याला वाटलं मी इख घातलं. अठरा दिवस मला बोटीवरनं उतरू दिलंन नाय. गोल खिडकीतनं एक भिंत नि एक कुत्रा दिसायचा. बाकी समदं गोदीतल्या पहारेकऱ्यानं मोडक्या इंग्रजीत सांगितलंन. माझ्या हातचा भात खायला यायचा तो."

या खेपेला फक्त गोदूबाईंनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, कारण त्यांना कमी ऐकू यायचं.

बायकांच्या बाजूनं गुणवंतीकाकू उठल्या. "नि त्या नाचणाऱ्या बाया?"

"बाया नाय गो. कुत्राच."

"पंचवीस वर्सं त्यांच्या नावानं बोटं मोडली मी!" काकू मटकन खाली बसल्या. "नि कुत्रा निघाला!"

पडवी हसून हसून लोटपोट झाली. साहेबांनी शेऱ्यात 'मांडणी अभिनव' असं लिहिलं म्हणे. नानांना मात्र हसू आलं नाही. बापानं दिलेला मान आपण आपल्याच जिभेनं घालवला, हे त्यांना आतून पोखरत राहिलं. आठ दिवस ते धक्क्यावर फिरकले नाहीत.

शिमग्याला पालखी वाडीत आली. नाना सगळ्यांच्या मागे, माडाला टेकून उभे होते. नारळ काशीरामाच्या हातात गेला होता. काशीरामानं "बा देवा" म्हटलं आणि हातातल्या नारळाकडे बघितलं. मग तो वळला आणि माणसं बाजूला सारत थेट नानांपुढे आला.

"नाना, धरा ह्यो."

"अरे, मी खोटारडा माणूस. पंचवीस वर्सं फसवलं तुमाला."

"धक्क्यावर फसवलंत. हात जोडल्यावर नाय." काशीरामानं मान खाली घातली. "त्या दिवशी साहेबानं मला इचारलंन असतं, तर मी सांगितलं असतं, दोन म्हयने राहून आलो. हात जोडूनच सांगितलं असतं."

नानांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, नारळ घेतला आणि पालखीपुढे जाऊन उभे राहिले.