चार खोडं म्हणजे वीस फूट

माझ्या कॅमेऱ्याला ऑटोफोकस आहे. लेन्सला नाही. कॅमेरा दोन वर्षांपूर्वीचा मिररलेस, आणि लेन्स माझ्या वडिलांच्या लग्नाच्याही आधीची. धुळ्याच्या नथ्थूकाकांनी फोटो स्टुडिओ बंद केला तेव्हा ही एकशे पस्तीस एमएमची लेन्स मला देऊन टाकली. मध्ये एक अडॅप्टर बसवला की दोघांचं जमतं. फोकस मात्र हाताने. रिंग फिरवत बसायचं.

लोकांना मी सांगतो, ऑटोफोकसमध्ये मजा नाही. खरं म्हणजे नवीन लेन्स परवडत नाही.

शिकलो सगळं यूट्यूबवर. तिथे सांगतात, पीकिंग चालू करा, जे शार्प आहे त्याच्या कडा स्क्रीनवर लाल दिसतील. दिसतात. पण सांगणारे कधी केळीच्या बागेत गेलेले नाहीत. वाऱ्याने पानाच्या चिंध्या झालेल्या असतात, आणि प्रत्येक चिंधीला दोन कडा. सगळी बाग लाल. त्यात आमच्या सावद्याचं ऊन. माझ्या कॅमेऱ्याला डोळा लावायची खिडकी नाही, नुसता मागचा स्क्रीन. त्यात मला माझंच नाक दिसतं.

म्हणून मी नथ्थूकाकांची पद्धत उचलली. ते म्हणायचे, "आंतर पायवर मोजानं, डोयावर नही." जुन्या लेन्सवर फुटांचे आकडे कोरलेले असतात. माणूस किती फुटांवर आहे ते कळलं की रिंग त्या आकड्यावर ठेवायची. स्क्रीनकडे बघायचंच नाही. मी त्यात आपली भर घातली. केळीच्या बागेत टेप कशाला पाहिजे? ओळीत दर पाच फुटांवर एक खोड असतं. माणसाला एका खोडापाशी उभं करायचं, आपण चार खोडं मागे यायचं, झाले वीस फूट. ही अक्कल सुचल्याचा मला इतका आनंद झाला की मी त्यावर रीलसुद्धा टाकली.

ती रील बघूनच काम आलं. जळगावच्या एका रोपांच्या कंपनीला कॅलेंडर काढायचं होतं. बारा महिने, बारा आदर्श शेतकरी. आदर्श म्हणजे काय, तर रोपं कंपनीची आणि लागवड कंपनीने सांगितलेल्या पाच फुटांवर. काम कंपनीतल्या भूपेंद्र सरांकडे होतं. पहिला फोटो आमच्याच गावच्या गिरधर नानांचा. तो जमला तर उरलेले अकरा माझे. नाही जमला तर जळगावचा एक स्टुडिओवाला तयारच बसला होता. तोपर्यंत मी बारशी आणि शाळांचे निरोप समारंभ एवढंच केलेलं. त्यामुळे हे माझ्यासाठी काय होतं ते वेगळं सांगत नाही.

नाना इस्त्रीचं धोतर नेसून आले. घडावर हात ठेवून उभे राहिले, हसू नका म्हटलं तर अजून हसले. मी चार खोडं मागे आलो, रिंग वीसवर ठेवली आणि चाळीस फोटो काढले.

घरी लॅपटॉपवर उघडले. चाळीसच्या चाळीस फोटोंत नाना धूसर. त्यांच्यामागे तीन फुटांवर एक वाळकं पान लोंबत होतं. त्याची शीर न शीर मोजता आली असती.

त्यातला कमी वाईट एक पाठवला. भूपेंद्र सरांचा फोन आला. शांतपणे म्हणाले, "पियुष, यात आदर्श कोण? ते पान का?" सोमवारपर्यंत दुसरा द्या म्हणाले, नाही तर राहू द्या.

नानांनी तोवर चौकात सांगून टाकलं होतं की पियुषच्या कॅमेऱ्याला मोतीबिंदू झाला.

मी गच्चीवर टेप लावला. बरोबर वीस फुटांवर आईला पेपर धरून उभं केलं, रिंग वीसवर ठेवली, फोटो काढला. फोटोतल्या पेपरमधल्या शोकसंदेशातली नातवंडांची नावंसुद्धा वाचता आली. म्हणजे लेन्स निर्दोष. अडॅप्टर निर्दोष. मग राहिलं कोण?

रविवारी सकाळी टेप घेऊन नानांच्या बागेत गेलो. दोन खोडांमधलं अंतर मोजलं. चार फूट तीन इंच. पुढचं मोजलं, तेवढंच. पूर्ण ओळ तशीच. माझी चार खोडं सतरा फुटांत संपत होती.

मागून नानांचा आवाज आला. "काय मोजू ऱ्हायला रे?"

"फोकस," मी म्हटलं.

त्यांनी टेपकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग बांधावर बसले आणि टोपी काढली. त्यांचं म्हणणं असं की असं लावलं की एकरी अडीचशे खोडं जास्त बसतात, वरची रोपं त्यांनी दुसऱ्या नर्सरीतून गुपचूप आणली होती, आणि कंपनीचे साहेब लोक दर महिन्याला येतात पण बांधावर चहा घेऊन बांधावरूनच जातात. इतक्या वर्षांत आत शिरून कोणी मोजलं नाही.

"सांगशीन का सरले?" त्यांनी विचारलं.

मी खरंच विचार करत होतो. सांगितलं तर माझी अक्कल शाबूत ठरते. पण मग उरलेल्या अकरा बागांत मला कोण घुसू देणार? आणि नाही सांगितलं तर मला फोकस येत नाही.

नाना जरा जवळ सरकले. "मंग आसं कर ना. त्या कॅमेऱ्यात नुसता मी दिसन, बाग दिसनार नाही, आसं होत नाही का?"

"होतं ना," मी म्हटलं. "लोक त्याच्यासाठीच ही लेन्स घेतात."

ते वाळकं पान आधी तोडलं. टेप लावून सतरा फूट मोजले, रिंग सतरावर, लेन्स पूर्ण उघडी, म्हणजे मागचं सगळं धूसर. नानांच्या मिशीचा केस न केस आला. मागची बाग वितळून नुसती हिरवी झाली. त्यात चार खोडं आहेत की चाळीस, ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

सोमवारी भूपेंद्र सर खूश. म्हणाले, "हेच पाहिजे होतं. अंतर बघा, किती मोकळं वाटतंय." अकरा बागांची यादी त्याच दुपारी आली.

एकेकाला फोन लावले. प्रत्येकाला सांगितलं की येताना टेप आणीन, फोकससाठी लागतो. टेप म्हटलं की समोरचा आवाज खाली. मग हळूच प्रश्न, नानांसारखं मागे धूसर येईल ना? दहा जणांनी विचारलं.

अकरावे निंभोऱ्याचे वना भाऊ. ते म्हणाले, कधीपण ये. जाऊन मोजलं तर खरोखर पाच फूट, इंच इकडे तिकडे नाही. मला भरून आलं. लेन्सचं तोंड बारीक करत आणलं, भाऊपण शार्प, मागची ओळ शेवटपर्यंत शार्प. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो. लगेच सरांना पाठवला.

सरांचं उत्तर आलं. बाग विरळ दिसते. बाकीच्यांसारखा घ्या.

मी वना भाऊंना ते वाचून दाखवलं. ते आपल्या ओळीकडे बघत राहिले.

"मंग मी पाच फूट कायले सोडले?"

मी लेन्स पूर्ण उघडली आणि म्हटलं, भाऊ, हनुवटी जरा वर घ्या.